दारातली अँबॅसिडर

कलगोंडा पाटील आमच्या घरात शिरताना अडकले, आणि अडकलेल्या अवस्थेतच त्यांनी महाराज येणार असल्याची बातमी दिली.

डावीकडं भिंत, उजवीकडं अँबॅसिडरच्या दाराची मूठ, आणि मधे बस्तीच्या ट्रस्टचे अध्यक्ष. बस्ती म्हणजे आमच्या गावातलं जैन मंदिर. पाटील आडवे होऊनच आले होते. आमच्या घरी सगळेच आडवे होऊन येतात. पण दिवाळी नुकतीच झाली होती आणि फराळ पाटलांना चांगला मानवला होता.

"वहिनी," ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले, कारण दुसरीकडं करायची सोय नव्हती. "महाराज येणार हायत. विहार इकडनंच हाय. दोन-तीन दिवस मुक्काम पडंल गावात."

काकू आत शिवणयंत्रावर बसली होती. यंत्र थांबलं.

"कुठले महाराज?" मी विचारलं.

पाटील भिंतीकडंच बघत राहिले. आतलं यंत्र सुरू होईना. तेव्हा कुठले ते मला कळलं.

महाराज म्हणजे माझे थोरले काका. म्हणजे पूर्वी होते. दिगंबर मुनीला पूर्वीचं काहीच उरत नाही. नाव नाही, घर नाही, बायको नाही, अंगावर कपडा नाही. हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, आणि सगळा देश अनवाणी चालायचा, हाच विहार, कारण वाहनात बसायचं नाही. आता माझे काका व्रत घ्यायच्या आधी आमच्या पंचक्रोशीत कशासाठी प्रसिद्ध होते, तर शेजारच्या दुकानातनं काडेपेटी आणायलासुद्धा ते गाडी काढायचे. लोक घराला गॅरेज बांधतात. काकांनी घराचंच गॅरेज केलं. पुढची भिंत पाडली आणि बैठकीच्या सोप्यात अँबॅसिडर घातली. रात्री तिच्यावर चादर टाकायचे. माझ्यावर टाकायला विसरायचे, असं आई सांगते.

मग एका चातुर्मासात ते रोज प्रवचनाला जायला लागले. गाडीतनं. चातुर्मास संपला तसे घरी आले, गाडी उलटी आत घेतली, हँडब्रेक ओढला आणि चालत निघून गेले. पुढं कर्नाटकात दीक्षा झाली. दीक्षेला बायकोची परवानगी लागते. काकूनं दिली. तुला काय वाटलं, असं तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. गाडी मात्र तिथंच राहिली, आणि गेली वीसेक वर्षं आमच्याकडं येणारा प्रत्येक माणूस खेकड्यासारखा येतो. फ्रिज परसातल्या भिंतीवरनं आला. माझी एक जाडी आत्या येतच नाही.

"माझ्या दारी चौका लावणार," काकू आतनं म्हणाली. चौका म्हणजे महाराजांच्या आहारासाठी शुद्धतेनं मांडलेलं स्वयंपाकघर. "एकदा तरी माझ्या हातनं आहार व्हावा, पाटील. दुसरं मला कायबी नको."

"ते मला ठाऊक न्हाई व्हय, वहिनी." पाटील पोट आत ओढून मोकळे झाले आणि सदऱ्याकडं बघत राहिले. त्यावर गंजाचा पट्टा उमटला होता. "पर महाराज आत कसे येणार? मागं लोक असतात, बायका असतात. त्यांना कुणाचा धक्का लागून चालत न्हाई, कुठं घासून चालत न्हाई. मी अडकलो ते बघितलंस न्हवं? गाडी हाय तवर तुझ्या दारी चौका मंजूर करता येणार न्हाई मला. मी ट्रॅक्टर लावून देतो. दोर बांधायचा आन् वढून काढायची."

"वढून काढायची न्हाई."

"का?"

"ते काय मढं न्हाई. चालत आत आली, चालत भाईर जाईल."

पाटलांनी माझ्याकडं बघितलं. मी तेव्हा मेकॅनिकलचा डिप्लोमा होऊन घरी बसलो होतो. आई-आप्पा इचलकरंजीला, मी काकूकडं, नोकरी कुठंच नाही.

"सन्मती करंल," काकू म्हणाली, आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

मला डिप्लोमात इंजिनचं चित्र काढता येत होतं. चांगलं यायचं, रंगीत. खरं इंजिन मी कॉलेजात एकदाच बघितलं होतं, आणि ते समजायला सोपं जावं म्हणून मधोमध कापून ठेवलेलं होतं.

*

गावातल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं की इंजिन जाम झालंय. इतकी वर्षं उभं राहिलेलं इंजिन जाम होतंच. आत पिस्टन गंजून भिंतीला धरतात, मग देव आला तरी हलत नाहीत. मलाही माहीत होतं. पुस्तकात चित्र होतं.

बॉनेट उघडलं तर आत संसार होता. उंदरांनी काकूच्या शिवणकामातल्या चिंध्या नेऊन हवेच्या फिल्टरवर घर बांधलं होतं. मोरपंखी, जांभळं, जरीकाठाचं. मी ते सगळं पाटीत काढून दारात ठेवलं, तर शेजारच्या चंपाबाई थांबल्या आणि त्यांनी एक तुकडा उचलला. "हा माझ्या मैनाच्या साखरपुड्याचा ब्लाउज," त्या म्हणाल्या. मैनाला तेव्हा दहावीतला मुलगा होता. संध्याकाळपर्यंत पाच-सहा बायका येऊन आपापला इतिहास ओळखून गेल्या. एकीनं विचारलं, उंदरानं माप बरोबर घेतलंय का.

मग मी प्लग काढायला घेतले. जोर लावला आणि पडलोच, कारण प्लग हातानं लावल्यासारखे सैल होते. चारही. मी बोट घातलं. बोट तेलकट झालं. गंज नाही, काळं नाही. पातळ, स्वच्छ तेल. वास घेतला. वास ओळखीचा होता, पण गाडीतला नव्हता.

मी हँडल घेतलं, पुढच्या भोकातनं घातलं आणि हळूच ओढलं. आत काहीतरी मऊपणे वळलं. चार भोकांतनं आळीपाळीनं हुं, हुं असा श्वास आला. मी हँडल सोडून मागं सरकलो. झोपलेल्या हत्तीच्या सोंडेवर पाय पडला की माणूस जसा सरकेल, तसा.

"काकू."

"काय?"

"इंजिन फिरतंय."

"मग फिरंल न्हाई तर काय करंल."

मी आत गेलो. ती काज करत होती. यंत्राच्या खणात मशीन ऑइलच्या लहान बाटल्या होत्या, निमुळत्या तोंडाच्या. वास तोच.

"तू तेल घालायचीस?"

"दर दसऱ्याला. यंत्राची पूजा झाली की गाडीची. प्लग काढायचं, थोडं थोडं तेल सोडायचं, हँडलनं चार येढं द्यायचं, परत लावायचं." तिनं दोरा दातानं तोडला. "शिवणयंत्र पावसाळाभर पडून राहिलं तर धरतं. हे तर केवढं दांडगं."

"कुणी सांगितलं तुला असं करायला?"

"कुणी कशाला सांगाय पायजे. मशीन ती मशीन."

"आणि प्लग काढायला कुणी शिकवलं?"

"ते काढायचे तवा मी बॅटरीचा उजेड धरून उभी असायची. येवढ्या वर्षांत माणूस एवढंबी शिकत न्हाई व्हय?"

मी परत बाहेर आलो आणि गाडीच्या पुढच्या बंपरवर बसलो. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतात, हळदकुंकू लावतात, सगळेच लावतात. पण आम्ही घरातली माणसं आपट्याची पानं वाटायला बाहेर पडायचो, तेव्हा ही बाई एकटी इथं वाकून मेलं म्हणून जाहीर झालेल्या एका इंजिनाला तेल पाजत होती. मला त्यावर काहीतरी विनोद सुचायला हवा होता. सुचला नाही.

*

पुढचे दिवस मी त्या गाडीखालीच राहिलो. ब्रेकचे ड्रम गंजून बसले होते, ते लाकडाचा ठोकळा लावून ठोकून काढले. टायरांत ट्यूब टाकल्या. पेट्रोलची टाकी काढून खडे घालून हलवली, तेव्हा आतनं जे निघालं त्याला मराठीत शब्द नाही. बॅटरी मंडपवाल्याकडनं आणली. ती लग्नात लाउडस्पीकर चालवून थकलेली होती.

रेडिएटर गळत होता. एका मेकॅनिकनं जाताजाता सांगितलं की आत अंडं फोडून टाकायचं, भोकं आपोआप बुजतात. हे त्यानं आमच्या दारात उभं राहून सांगितलं, जिथं कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर थांबतो. काकूनं त्याला पाणी विचारलं, तो गेल्यावर उंबरा धुतला आणि आतनं हळदीचा डबा घेऊन आली.

"हळद घाल."

"काकू, हे इंजिन आहे. जखम नाही."

"गळतंय न्हवं? मग जखमच की."

हळद घातली. रेडिएटर गळायचा थांबला. मी डिप्लोमाचं सर्टिफिकेट कुठं ठेवलंय ते आठवायचा प्रयत्न केला.

एक गोष्ट मात्र होत नव्हती. प्लगला ठिणगी पडत नव्हती. सगळं फिरत होतं, सगळं वाहत होतं, फक्त पेटत नव्हतं. आणि अशातच महाराज आले.

ते आले ती सकाळ मला आठवते. सगळं गाव वेशीवर गेलं होतं. ऊस भरलेल्या गाड्या बाजूला थांबल्या होत्या. धुक्यातनं माणसं आली आणि माणसांच्या मधे एक उंच, वाळलेला, उघडा माणूस. मी फोटोतले काका शोधत होतो. फोटोतल्या काकांना पोट होतं, भांग होता आणि बोटात गाडीच्या किल्लीची साखळी फिरत असायची. ह्या माणसाच्या हातात पिंछी होती आणि तो जमिनीकडं बघत चालत होता, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून. काकू माझ्या शेजारी उभी होती. तिनं गुडघे टेकून नमस्कार केला. ते सगळ्यांना आशीर्वाद देत होते, तसाच तिलाही दिला आणि पुढं गेले. ती उठून पदर झटकत म्हणाली, "चल. ठिणगी बघ."

आता महाराजांच्या आहाराची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मुनी दिवसातनं एकदाच जेवतात, उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत. पाणीही तेव्हाच. सकाळी ते उजवा हात खांद्याला लावून बस्तीतनं निघतात. गावातली माणसं आपापल्या दारात धुतवस्त्र नेसून, कलश-नारळ घेऊन उभी राहतात आणि हाक देतात. पण महाराज निघायच्या आधी मनात एक खूण धरतात. अमुक दिसलं तरच थांबायचं. त्याला विधी म्हणतात. विधी कुणाला सांगत नाहीत. ती खूण एखाद्या दारी दिसली तर तिथं आहार, नाही दिसली तर परत बस्तीत, आणि पुढचा घास दुसऱ्या दिवशी. पाण्याचा थेंबही दुसऱ्या दिवशी.

पहिल्या दिवशी महाराज सगळ्या गावातनं फिरले आणि परत गेले. विधी मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी गाव पेटून उठलं. कुणी एका नारळाऐवजी दोन घेतले. कुणी कलशावर आंबा ठेवला, तोही कार्तिकात, कुठनं आणला देव जाणे. मास्तरांनी जुळे नातू दोन्ही बाजूंना उभे केले. चंपाबाईंनी सून डावीकडं, मुलगा उजवीकडं, मग सून उजवीकडं केली, मग दोघं भांडायला लागली म्हणून त्यांना आत पाठवलं. एका घरात सात माणसं उंचीप्रमाणं उभी होती. मी हे हसत बघत होतो. मग महाराज समोरनं गेले आणि माझं हसणं थांबलं. त्यांचे ओठ फुटले होते. पण चेहऱ्यावर वाट बघणं नव्हतं. एवढ्या ताटांमधनं एवढा उपाशी माणूस चालला होता आणि कुठल्याही दाराकडं त्याची नजर मागत नव्हती.

आमच्या दारी चौका मंजूर नव्हता. काकू तरीही गल्लीत गाडीच्या नाकापुढं कलश घेऊन उभी राहिली. महाराज आले, बघितलं, पुढं गेले.

त्या दुपारी पाटील आले. ह्या वेळी ते बाहेरच उभे राहिले.

"वहिनी, उद्या शेवटचा दिवस. उद्या आहार होवो न होवो, महाराज विहार करणार. माझं ऐक. मी सकाळी ट्रॅक्टर पाठवतो. दार मोकळं झालं तर निदान दारात उभी तरी राहशील. कुणास ठाऊक."

काकू गाडीपाशी येऊन थांबली. मग म्हणाली, "महाराज भाईर पडायच्या आधी गाडी न्हाई निघाली, तर वढा."

ती हे शब्द बोलली तेव्हा मी गाडीखाली होतो. मला तिचे पायच दिसत होते. पायाच्या अंगठ्यानं ती जमीन उकरत होती.

*

सकाळी उठून मी डिस्ट्रिब्यूटर पुन्हा उघडला. गाडीत ठिणगी वाटून देणारा एक लहान डबा असतो, तो. आत दोन टिकल्या एकमेकींना टेकतात आणि सुटतात, तेवढ्यात ठिणगी होते. त्या मी दहा वेळा घासल्या होत्या. काकू वाकून बघत होती. आत चौका पहाटेच मांडून झाला होता; न्हाऊन, पांढरं धुतवस्त्र नेसायच्या आधीची शेवटची घटका तिनं मला दिली होती.

"त्या दोघी टेकतात कुठं?" ती म्हणाली.

"टेकतात की."

"मला उजेड दिसतोय मधनं. सुई एवढ्या लांब राहिली तर टाका पडत न्हाई."

मी टॉर्च लावला. मधनं उजेड दिसत होता. तिनं यंत्राचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणला, मी स्क्रू ढिला केला, तिनं टिकली बोटानं सरकवली, मी आवळला. तिची बोटं त्या काळ्या चिकट जागेत नखांपर्यंत गेली. गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टरचा आवाज यायला लागला होता.

"जा, हात धू," मी म्हणालो. "वेळ झाली."

तिनं चिंचेनं धुतले, राखेनं घासले, परत चिंचेनं धुतले. धुतवस्त्र नेसून, कलश भरून बाहेर आली तेव्हा हात स्वच्छ होते, पण तळव्यावरच्या रेषा काळ्या राहिल्या होत्या. त्या जात नाहीत.

एक माणूस गाडीत बसायला हवा होता. गिअर कुठल्या घरात बसलाय ते मला नीट कळत नव्हतं, म्हणून हँडल मारताना क्लच दाबून धरायला हवा होता. घरात दोनच माणसं.

"बस आत," मी म्हणालो. "डावीकडचा दाबून धर."

ती कलश मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या जागी बसली. त्या जागेवर ती तोपर्यंत कधी बसली नव्हती. शेजारी बसलेली होती, बाहेर बॅटरी धरून उभी राहिलेली होती.

मी गल्लीत उभा राहून हँडल मारलं. काही नाही. ट्रॅक्टर आला. पाटील उतरले, हातात दोर. मी परत मारलं. इंजिन खोकलं. पाटलांनी दोर खाली ठेवला. मी तिसऱ्यांदा मारलं.

मी त्यानंतर खूप इंजिनं सुरू केली, आता माझा तो धंदाच आहे. पण तसा आवाज पुन्हा ऐकला नाही. आधी जमीन थरथरली, मग भिंत. सोप्याच्या तुळयांवरनं वर्षानुवर्षांची धूळ एकदम खाली आली आणि त्या धुळीतनं दोन पिवळे दिवे माझ्याकडं बघायला लागले, कारण दिव्यांचं बटण कोणत्या काळापासून चालूच होतं आणि थकल्या बॅटरीला आता जोर आला होता. निळ्या धुरात जळालेल्या मशीन ऑइलचा वास होता. शिवणघरासारखा.

आता, क्लच दाबून धर असं मी काकूला सांगितलं होतं. कधीपर्यंत, हे सांगितलं नव्हतं. इंजिन सुरू झाल्याबरोबर काम झालं असं समजून तिनं पाय काढला.

अँबॅसिडर माझ्या अंगावर आली. मी बाजूला उडी मारली. गाडी शांतपणे, एखाद्या मोठ्या माणसानं जेवणावरनं उठावं तशी, घराबाहेर निघाली, गल्ली ओलांडली, समोरच्या भिंतीला नाक टेकलं आणि बंद पडली. गल्ली पूर्ण अडली. मागं आमचा सोपा रिकामा. इतका मोठा की मला तो आमचा वाटेना.

आणि वळणावरनं महाराज आले.

मागं सगळं गाव. सगळे थांबले. गल्लीत आडवी गाडी, इंजिनातनं वाफ, ट्रॅक्टर, हातात हँडल घेतलेला मी. पाटील मला खुणेनं सांगत होते की ढकल, ढकल. मी हललो नाही.

काकूनं दार उघडलं. कलश सांडला नव्हता. कसा ते मला आजही माहीत नाही. ती गाडीच्या मागच्या अंगाला, आमच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली, आणि तिचा आवाज आला, नेहमीसारखाच, गिऱ्हाइकाला या म्हणावं तसा.

"नमोस्तु महाराज, नमोस्तु, नमोस्तु. अत्र तिष्ठ, तिष्ठ."

इथं थांबा.

महाराज थांबले. खांद्यावरचा हात खाली आला.

काकूनं त्यांना तीन प्रदक्षिणा घातल्या, मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहारजल शुद्ध असं म्हणाली आणि पुढं झाली. आणि ते तिच्यामागनं आमच्या घरात आले. सरळ. दोन्ही खांदे सरळ ठेवून आमच्या घरात येणारा मी बघितलेला पहिला माणूस.

आत ते पाटावर उभे राहिले. पाय धुतले, पूजा झाली. काकूनं पाण्याचा तांब्या उचलला, तेव्हा पाटलांनी तिचे तळवे बघितले.

"वहिनी," ते हळूच म्हणाले. "हात."

काकूनं हातांकडं बघितलं. रेषांमधे काळं होतं. तिचा तांब्या तिथंच थांबला. अशुद्ध वस्तू ओंजळीत आली तर मुनी त्याच क्षणी आहार सोडतात, परत उद्यापर्यंत. तिसरा दिवस होता. ती कुणाकडं बघत नव्हती.

आहाराच्या वेळी मुनी बोलत नाहीत. महाराजांनी तिच्या हातांकडं बघितलं. मग आपले दोन्ही हात पुढं केले, करंगळ्या जुळवल्या आणि ओंजळ उघडली.

पाणी पडलं. मी ते पाणी खाली जाताना बघितलं, घशातनं, बरगड्यांमागनं. फुटलेल्या ओठांवरनं. मग ज्वारीची भाकरी कुस्करून, दूध, मुगाचं वरण. ती एक एक घास त्या ओंजळीत ठेवत होती, वरनं काळ्या रेषांचे हात आणि खाली ते हात, ज्यांच्यावर काहीच नव्हतं. फोटोतल्या काकांच्या नखांत ग्रीस असायचं. साबण संपायचा, ग्रीस संपायचं नाही. ते हात आता पावसानं धुतलेल्या दगडासारखे होते.

आहार झाला. ते बाहेर पडले. गाडी अजून आडवीच होती आणि बस्तीकडं जायला तिच्या शेपटाजवळनं जावं लागत होतं. मी मनात म्हणत होतो, बघा. एकदा बघा. बॉनेटवर हात ठेवू नका, पण बघा तरी.

त्यांनी बघितलं. टाळलं नाही. पुरतं बघितलं, नाकापासून शेपटापर्यंत. मग शेजारच्या भिंतीकडं बघितलं, तसंच. मग जमिनीकडं बघत चालायला लागले.

*

विधी काय होता, ह्यावर गावात महिनाभर चर्चा चालली. एक पक्ष म्हणाला गाडी. दुसरा म्हणाला गाडीत बसलेली बाई. मास्तर म्हणाले वाफ. बातमी महाराजांच्या पुढं पोचली, आणि पुढच्या गावात त्यांना गल्लोगल्ली आडव्या लावलेल्या गाड्या दिसल्या, आत कलश घेऊन बसलेल्या सुना. एकानं ट्रॅक्टर आडवा लावून वर म्हाताऱ्या आईला बसवलं. महाराज त्या सगळ्यांना वळसा घालून गेले आणि एका विधुर शिंप्याच्या घरी थांबले, जो नुसता नारळ घेऊन उभा होता. विधी रोज नवा असतो. हे सगळ्यांना माहीत होतं, तरी सगळ्यांनी गाड्या लावल्या.

पण हे नंतरचं. त्या दुपारी महाराज गावाबाहेर पडले, लोक त्यांच्याबरोबर चालत गेले आणि गल्ली रिकामी झाली. काकू वेशीपर्यंत जाऊन परत आली. गाडीच्या मागच्या बंपरवर बसली. मी शेजारी बसलो.

"झाला की आहार," मी म्हणालो. "तुझ्या हातनं."

"झाला."

"मग अशी का बसलीस?"

ती समोरच्या रिकाम्या सोप्याकडं बघत होती.

"परवानगी मी दिली," ती म्हणाली. "पर मनात यायचं, ह्या माणसाचं गाडीवर एवढं मन. ते काय असं एका दिवसात जातं व्हय? मला सोडलं, ते खरं असंल. गाडी कशी सोडली? कुठंतरी इवलंसं शिल्लक असंल, आन् ते ह्या गाडीत असंल. म्हणून मी तिला मरू दिली न्हाई. कधी परत आले तर बघावं, तिच्याकडं बघून डोळ्यात काय येतंय."

"बघितलं त्यांनी. ओळखली गाडी."

"वळखली की. ते काय भिंत न्हाईत." तिनं तळवे उलटे केले, रेषांकडं बघितलं. "वळखली, पर लागली न्हाई. कुठंच लागली न्हाई. मी तोंडाकडंच बघत हुते. समदं सोडलंय बघ त्यांनी. अगदी समदं."

तिच्या आवाजात रडणं असेल म्हणून मी थांबलो. नव्हतं. बस्तीत दर्शन घेऊन आल्यावर बोलते, तसा आवाज होता.

चंपाबाई गल्लीच्या तोंडाशी येऊन म्हणाल्या, "पद्माक्का, गाडी आत घे की गं. म्हशी यायची येळ झाली."

"आत घेऊ काय?" मी उठलो. "ढकलतो."

"आत कशाला?" काकू म्हणाली. "आत आता मी माणसं बसवणार. गिऱ्हाइकाला सरळ येता यायला पायजे." ती उभी राहिली, पदर खोचला आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. "त्यांचं काय आता हिच्यात न्हाई. म्हंजे गाडी माझी झाली न्हवं?"

"झाली."

"मग हँडल मार. आन् नीट शिकव. नुसतं दाब म्हणायचं न्हाई, सोड कवा ते बी सांगायचं."